बंद पडलेला शक्तिमान देहूरोडहून सोलापूरला आणायचा आहे: आधी चाकं फिरतात का ते पाहा

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे. देहूरोडच्या बाजूला एका भंगार व्यापाऱ्याकडे लष्कराच्या लिलावातून आलेला शक्तिमान ट्रक उभा आहे. सौदा झालाय. इंजिन बंद, दोन टायर बसलेले, आणि गाडी किती वर्षं जागची हलली नाही हे व्यापाऱ्यालाही नक्की सांगता येत नाही. ती सोलापुरात अक्कलकोट रोडच्या पुढे तुमच्या शेतावर आणून उभी करायची, मग सावकाश दुरुस्त करायची. क्रेनने उचलून ट्रेलरवर ठेवावी की दुसऱ्या ट्रकने ओढत आणावी, आणि भाडं किती पडेल, हे तुम्ही विचारलंय.

बंद पडलेली जड वाहनं उचलण्याचा आणि हलवण्याचा माझा धंदा सोलापुरातच आहे, त्यामुळे दोन्ही टोकांची थोडी माहिती आहे. मला पहिल्यांदा वेगळंच विचारावंसं वाटतं. चारही कोपऱ्यांची चाकं फिरतात का, आणि स्टिअरिंग वळतं का? इंजिन बंद असल्याने मला काहीच फरक पडत नाही. चाक अडकलेलं असेल तर मात्र गाडी कोणती मागवायची, माणसं किती, वेळ किती, पैसे किती, सगळंच बदलतं. लोक आधी ट्रेलर बुक करतात आणि चाकं ट्रेलर दारात उभा राहिल्यावर पाहतात. मग हॉल्टिंगचे पैसे चढत जातात आणि त्या घाईत कोणीतरी जेसीबीच्या बकेटने गाडी ढकलायला लागतो. चेसिस वाकते, एक्सलचे यू-बोल्ट तुटतात ते तेव्हाच.

ओढत आणण्याचा विचार सोडून द्या. अंतर अडीचशे किलोमीटरच्या वर आहे. नियमाप्रमाणे टोइंग करताना ताशी २५ किलोमीटरच्या आत राहावं लागतं, आणि ती मुभा रस्त्यात बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यासाठी आहे, जिल्हे ओलांडण्यासाठी नाही. शिवाय तुमच्या गाडीला ब्रेक नाही, टायर कुजलेले आहेत. इंजिन बंद ठेवून चाकांवर ओढली की गिअरबॉक्समध्ये तेल वर उडत नाही, मागचा शाफ्ट कोरडा फिरत राहतो आणि बेअरिंग जळतात. चांगला गिअरबॉक्स असा घालवण्यात अर्थ नाही. यार्डातून गेटपर्यंत ओढायला हरकत नाही, तेही दोरीने नव्हे, लोखंडी दांड्याने.

आता चाकांकडे येतो. तुमचे निम्मे पैसे इथे वाचतात किंवा जातात, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

ट्रेलर बोलावण्याच्या निदान आठवडाभर आधी एक चांगला मिस्त्री, दोन मोठे जॅक, लाकडी स्लीपर आणि ग्रीस-डिझेल घेऊन तिथे एक दिवस घालवा. गाडीच्या आत हात घालण्याआधी काठीने ठोकून पाहा. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या केबिनमध्ये गांधीलमाश्यांचं पोळं असतं, सीटखाली साप असतो. मग जी चाकं तुम्ही उचलणार नाही आहात त्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. हे आधी करायचं, कारण तुम्ही आता ब्रेक सोडवायला निघाला आहात. ते सुटले की त्या गाडीला थांबवणारं काहीच उरत नाही.

एकेक चाक जमिनीवरून उचलून हाताने फिरवून पाहायचं. फिरत नसेल तर कारणं तीनच असतात.

एक, हँडब्रेक किंवा ब्रेकचे लायनर ड्रमला गंजून चिकटलेले असतात. हँडब्रेकची दांडी किंवा केबल सैल करा, ब्रेकचं अ‍ॅडजस्टमेंट पूर्ण मागे घ्या, ड्रमच्या कडेवर गोल फिरत हातोड्याने ठोका. बहुतेक वेळा चाक एवढ्यावरच सुटतं. नाही सुटलं तर थोडं पुढे, थोडं मागे असं ओढायचं. एकाच दिशेने जोर लावत राहिलात तर लायनर उखडून ड्रममध्ये अडकतं आणि काम वाढतं.

दोन, एअर ब्रेक. शक्तिमान जुन्या पिढीची गाडी आहे, पुढे सांगतो तो स्प्रिंगचा डबा तिच्यात बहुधा नसेल. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर ती जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत बनायची, १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण इतक्या वर्षांत कोणी काय बदललंय ते खाली वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि तुमचं वाचून दुसरा कोणी स्टॅलियन (शक्तिमाननंतरचा लष्करी ट्रक) घ्यायला निघेल, म्हणून सांगून ठेवतो. मागच्या एक्सलवर ब्रेकचा जोडडबा असेल तर त्यातल्या मागच्या डब्यात जाड स्प्रिंग दाबून बसवलेली असते. हवा नसली की ती स्प्रिंगच ब्रेक लावून ठेवते. बंद गाडीत हवा नसतेच, म्हणून चाकं घट्ट. सोडवायचे दोन मार्ग आहेत. बाहेरून कॉम्प्रेसरची हवा द्यायची, किंवा डब्याच्या मागच्या भोकातून त्याचा स्वतःचा लांब बोल्ट घालून, फिरवून स्प्रिंग मागे खेचायची. त्या डब्याचा पट्टा काही झालं तरी खोलू नका. ती स्प्रिंग सुटली तर समोरच्या माणसाचा जीव जातो. गंजलेला डबा असेल तर त्याला हात न लावता तो एक्सल जाम आहे असं धरून पुढचा बेत करा.

तीन, गिअर किंवा डिफरन्शियल अडकलेलं. ही फोर बाय फोर गाडी आहे, पुढच्या एक्सललाही इंजिनचा जोर जातो. म्हणून गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (जोर दोन्ही एक्सलना वाटणारी पेटी) दोन्ही न्यूट्रलला आहेत का ते पाहा. लिव्हर हलत नसेल तर त्याच्याशी झगडत बसू नका, पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट खोलून केबिनच्या मागे बांधून ठेवा. मी तर न्यूट्रल लागत असला तरी शाफ्ट काढायलाच सांगतो, अर्ध्या तासाचं काम आहे. तरी मागचं चाक फिरलं नाही आणि ब्रेक सुटलेला असेल, तर हबच्या फ्लँजचे बोल्ट काढून एक्सल शाफ्ट बाहेर ओढून घ्या. अशा जड गाड्यांमध्ये वजन हबच्या बेअरिंगवर असतं, शाफ्टवर नाही, त्यामुळे शाफ्ट काढूनही चाक जागेवर राहतं आणि मोकळं फिरतं. भोकावर पत्रा किंवा जाड प्लास्टिक बांधा, म्हणजे धूळ आत जाणार नाही.

टायरबद्दल माझं मत ठाम आहे. बसलेल्या जुन्या टायरमध्ये गाडीवर असताना हवा भरू नका. या गाड्यांच्या रिम तुकड्यांच्या असतात. काहींना लोखंडी रिंग असते, काहींची रिम दोन भाग बोल्टने जोडून केलेली असते. गंजलेली रिंग हवेच्या दाबाने उडाली तर माणूस वाचत नाही. दोन भागांच्या रिमला नटांच्या दोन ओळी असतात, एक चाक हबला धरणारी आणि दुसरी रिमचे भाग एकमेकांना धरणारी. हवा असताना दुसऱ्या ओळीच्या नटाला पाना लावणं म्हणजे मरणाला बोलावणं. हे काम जड टायरवाल्याकडे, पिंजऱ्यात, लांब नळीने, बाजूला उभं राहून करायचं असतं. तुम्हाला गाडी फक्त ट्रेलरवर चढवायची आणि उतरवायची आहे. त्याच मापाची दोन जुनी, हवा धरणारी चाकं भाड्याने किंवा विकत मिळाली तर लावा. नाही मिळाली तर बसलेल्या टायरवरच हळू ओढता येते, फक्त जोर जास्त लागतो.

हा जोर किती, त्याचा अंदाज देतो, म्हणजे कोणी काहीही विंच घेऊन आला तर तुम्हाला कळेल. गाडीचं नक्की वजन तिच्या डेटा प्लेटवर किंवा वजनकाट्यावरच मिळेल. मी हिशेबासाठी ६ टन धरतो. दहा अंशांच्या रॅम्पवर नुसत्या चढासाठी एक टनाच्या आसपास ओढ लागते. चांगल्या टायरांवर, कडक जमिनीवर त्यात फार भर पडत नाही. टायर बसलेले आणि जमीन भुसभुशीत असेल तर आणखी अर्धा ते एक टन. एक एक्सल जाम असेल आणि ती चाकं घासत येणार असतील तर एकूण ओढ तीन टनांवर जाते, सगळी चाकं जाम असतील तर साडेचारच्या पुढे. म्हणून मी म्हणतो, एक दिवस चाकं सोडवण्यात घाला. विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवर दोरीचा एकच थर असतानाची असते, थर वाढले की ती कमी होते. मध्ये कप्पी घालून दोरी दुहेरी केली की ओढ जवळजवळ दुप्पट मिळते आणि गाडीही सावकाश चढते. माझ्या कामात कप्पी नेहमी असते. ताणलेल्या वायररोपच्या रेषेत आणि कप्पीपाशी वळलेल्या दोरीच्या आतल्या बाजूला कोणीही उभं राहायचं नाही. पाहायला जमलेल्या पोरांनाही आधी लांब करा.

आकडा लावायचा तो चेसिसला असलेल्या पुढच्या टो-हूकला किंवा मागच्या लष्करी पिंटल हूकला. बंपरला नको, पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) शॅकलला नको. स्टिअरिंगवर एक माणूस लागतो, पण त्याला नीट सांगून ठेवा की पायाखालचा ब्रेक चालणार नाही. गाडी अर्धा-अर्धा मीटर वर घ्यायची आणि दर वेळी मागच्या चाकाला ठोकळा सरकवत राहायचं, दोरी तुटली तरी गाडी तिथेच थांबली पाहिजे.

मग क्रेन कधी? चाकं काही केल्या सुटली नाहीत, किंवा गाडीभोवती भंगार रचलेलं आहे आणि ती सरळ ओढायला जागाच नाही, तेव्हा. यार्डातला माणूस लगेच म्हणेल, हायड्रा आहे आपला, उचलून देतो. हायड्राची, म्हणजे यार्डात चाकांवर फिरणाऱ्या क्रेनची, १४ टन ताकद बूम (उचलणारा हात) आत घेतलेला आणि माल अगदी जवळ असतानाची. बूम लांब केला की ती भराभर उतरते. ट्रकची लांबी अशी असते की त्याच्या मध्यावर पोचायला बूम लांब करावाच लागतो. त्यामुळे ऑपरेटरला लोड चार्ट दाखवायला सांगा आणि तेवढ्या अंतरावर किती उचलतो ते विचारा. पट्टे चेसिसखालून किंवा एक्सलजवळून घ्या, कडांना जाड रबर किंवा गोणपाट लावा, आणि वरून आडवा बीम असल्याशिवाय उचलू देऊ नका. नाहीतर पट्टे आत ओढले जातात आणि केबिन, मडगार्ड चेपतात. इंजिनामुळे पुढचा भाग जड असतो, म्हणून आकडा मधोमध न धरता थोडा पुढे धरावा लागतो. पहिल्यांदा फक्त वीतभर उचलून तोल पाहायचा. उचललेला ट्रक घेऊन हायड्राने खड्ड्यांतून चालत जायचं नाही, ट्रेलर क्रेनजवळ आणायचा. वर विजेची तार आहे का, हे आदल्या दिवशीच पाहून ठेवा.

ट्रेलर लोबेडच मागा, साधा फ्लॅटबेड नको. कारण उंची. लोबेडचा माल ठेवायचा तळ जमिनीपासून साधारण एक मीटरवर असतो, फ्लॅटबेडचा दीड मीटरच्या आसपास. हुडाच्या (मागच्या ताडपत्रीच्या) कमानींसकट तुमचा ट्रक समजा २.९ मीटर भरला, तर लोबेडवर ३.९ होतात, फ्लॅटबेडवर ४.४. मालवाहू गाडीची उंची २०२० च्या दुरुस्तीपासून ४ मीटरपर्यंत चालते, त्याआधी ३.८ होती. मी मालासकट त्याच्या आत राहतो, कारण खरी अडचण फक्त दंडाची नसते, खाली झुकलेल्या तारा आणि गावातल्या कमानी असतात. हुडाच्या कमानी आणि ताडपत्री काढून आतच ठेवा. मोजमाप टेपने घ्या, व्यापाऱ्याच्या अंदाजावर जाऊ नका. रुंदीही पाहा, २.६ मीटरच्या बाहेर काही डोकावायला नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली माल बाहेर आल्याबद्दल २०,००० रुपये दंड आहे. ओव्हरलोडला २०,००० आणि वर जादा टनामागे २,०००.

गाडी तोंड पुढे करून चढवा, जड बाजू घोड्याकडे, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीकडे, राहते. बांधायला चेन आणि टर्नबकल वापरा. नायलॉनचे पट्टे फक्त जोडीला. जोरात ब्रेक लागला तर गाडी वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे जायला पाहते असं धरून बांधायचं असतं, म्हणजे ६ टनांच्या गाडीला जवळजवळ पाच टन पुढे जाण्यापासून धरायचे. १० मिलिमीटर ग्रेड ८० चेन बांधणीसाठी सव्वासहा टनांपर्यंत धरते, पण तिरकी लावली की कमी. म्हणून चार कोपऱ्यांना चार स्वतंत्र चेन, मागच्या दोन मागे खेचणाऱ्या, पुढच्या दोन पुढे, आणि प्रत्येक चाकाला लाकडी ठोकळा खिळ्यांनी पक्का केलेला. चेन एक्सलला बांधा. नुसती चेसिसला बांधली तर रस्त्यावर पाटे दबतात, चेन सैल पडते आणि पुढच्या धक्क्याला झटका बसून तुटते. एक्सलला बांधून झाल्यावर चेसिसला एक जादा पट्टा द्या, म्हणजे बॉडी हेलकावे खाणार नाही.

फाळका, दारं, बॉनेट, स्टेपनी, जेरी कॅन, जे जे उडू शकतं ते दोरीने बांधा. बॉनेटच्या जुन्या कड्यांवर विश्वास ठेवू नका. बॅटरी असेल तर काढा, टाकीत उरलेलं डिझेल काढून घ्या. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून सगळ्या चेन पुन्हा ताणायच्या. मग पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर अशा टोलनाक्यांच्या पुढे गाडी बाजूला घेऊन प्रत्येक वेळी हात लावून पाहायचं. ड्रायव्हर कंटाळा करेल, म्हणून तुमच्यातला एक माणूस बरोबर बसवा.

वेळेचं म्हणाल तर पुणे आणि सोलापूर दोन्हीकडे जड वाहनांना शहरात बंदीच्या वेळा आहेत. त्या वाहतूक शाखेकडून विचारून मगच निघायची वेळ ठरवा. आषाढी वारीच्या दिवसांत हा बेत नको. तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड असा याच रस्त्याने येते, आणि तेव्हा रस्ता वारकऱ्यांचा असतो. कारखाने सुरू असताना, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, इंदापूर-टेंभुर्णी-मोहोळ पट्ट्यात रात्री उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि मागे दिवा नसलेल्या बैलगाड्या असतात. त्या काळात रात्री लोबेड चालवणं मला पटत नाही, पहाटे निघून दिवसा पोचलेलं बरं.

कागदांवर कमी लिहितो, पण त्यात कसूर नको. लष्कराच्या गाड्या एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून विकल्या जातात. व्यापाऱ्याकडून त्या लिलावाच्या डिलिव्हरी ऑर्डरची प्रत घ्या. लॉटच्या अटीही वाचा, काही गाड्या फक्त नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांसाठी असतात आणि त्या पुन्हा रस्त्यावर आणता येत नाहीत. तुमच्या नावाचं जीएसटी बिल, ई-वे बिल, आणि बिल्टीवर गाडीची खरी किंमत हवी. ती किंमत लिहिलेली नसेल तर वाटेत काही झालं की भांडायला हातात काही राहत नाही. चेसिस नंबर कागदाशी जुळतो का ते स्वतः पाहा. गाडीवर बाण काढलेला लष्करी नंबर असेल तर निघण्याआधी रंगाने मिटवा. लष्करी हिरवा रंगही पुढे बदलावा लागेल. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२१ व्या नियमाप्रमाणे तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच आहे.

भाड्याचा आकडा मी मुद्दाम देत नाही, कारण तो डिझेलवर आणि परतीच्या मालावर ठरतो. पण एक उपाय सांगतो. पुणे-हैदराबाद रस्त्यावर मशिनरी नेणारे लोबेड सतत चालू असतात. हैदराबादकडून पुण्याला माल टाकून रिकामा परत निघालेला लोबेड मिळाला तर भाडं बरंच खाली येतं, फक्त तुम्हाला दोन-चार दिवस मागेपुढे व्हायची तयारी ठेवावी लागते. चाकं आधीच सोडवलेली असतील तरच हे जमतं. असा ड्रायव्हर तुमच्यासाठी दिवसभर थांबत नाही. भाव ठरवताना लोडिंगला किती तास धरलेत, त्यानंतर तासाचे किती, टोल कोणाचा आणि उतरवायला विंच कोणाची, हे चार प्रश्न बोलून घ्या.

उतरवण्याचा विचार बहुतेक जण पोचल्यावर करतात. तुमची जमीन काळी असेल आणि परतीचा पाऊस होऊन गेला असेल, तर लोबेड बांधापासून आत येणारच नाही, आला तर रुतेल. पावसानंतर जमिनीला भेगा पडेपर्यंत थांबा, किंवा मुरूम टाकलेली, वळायला जागा असलेली पट्टी तयार ठेवा. उतरताना गाडीला ब्रेक नसतो, म्हणून मागून विंचने धरूनच सोडायची, उताराच्या भरवशावर कधीच नाही. उतरली की तिला बसलेल्या टायरांवर ठेवू नका, चारही कोपऱ्यांत एक्सलखाली स्लीपर रचून त्यावर टेकवा. खोललेले शाफ्ट आणि नट-बोल्ट एका पोत्यात बांधून केबिनमध्येच ठेवा, मिस्त्री बदलला तरी ते सापडले पाहिजेत.

गाडीच्या चारही चाकांचे, मागच्या ब्रेकच्या डब्याचे आणि तुमच्या शेतात वळणाऱ्या रस्त्याचे फोटो पाठवलेत, आणि जमिनीपासून हुडाच्या टोकापर्यंतची उंची मोजून सांगितलीत, तर रॅम्पने होईल की क्रेन लागेल हे मी नक्की सांगू शकेन.